इंग्रजी वाक्यातला 'तो' कोण?

काही वर्षांपूर्वी माझ्या परिचयाच्या एक बाई जुने इच्छापत्र घेऊन घरी आल्या. त्यांच्या पणजोबांनी वकिलाकडून इंग्रजीत करून घेतलेले, टंकलिखित, साडेतीन पानांचे. घर केव्हाच विकले गेले होते, वाटण्याही होऊन गेल्या होत्या. कोर्टकचेरीचा प्रश्न नव्हता. बाईंचे आजोबा, म्हणजे इच्छापत्र करणाऱ्यांचा मुलगा, जन्मभर त्या घरात राहिले आणि 'तुम्ही आमच्या मेहेरबानीवर राहिलात' असे थोरल्या पातीकडून लग्नाकार्यात ऐकत राहिले. त्या कागदात खरोखर काय लिहिले आहे, एवढेच बाईंना मराठीत हवे होते. मी भाषांतर करून दिले आणि ते चुकले. चूक एका शब्दाची होती.

वाक्य असे होते: 'माय एल्डर ब्रदर शॅल अलाउ माय सन टु लिव्ह इन द हाउस अन्टिल ही डाइज.' माझ्या थोरल्या भावाने माझ्या मुलाला घरात राहू द्यावे, इथपर्यंत सरळ आहे. पुढचे 'अन्टिल ही डाइज' कोणाविषयी? भाऊ हयात असेपर्यंत, की मुलगा हयात असेपर्यंत? भाऊ वाक्याचा कर्ता, तेव्हा पुढचा 'ही' त्याचाच, असे मी धरले आणि लिहिले, 'ते हयात असेपर्यंत.' इंग्रजीत दोघांनाही एकच 'ही' चालतो. मराठीत थोरल्या भावाला 'ते' आणि मुलाला 'तो'. मधला, दोघांनाही लागू पडेल असा शब्द आपल्याकडे नाही. 'ते' लिहिताक्षणी मी एका घराण्याच्या जुन्या भांडणात निकाल देऊन बसलो होतो: भाऊ वारल्यावर मुलाचा हक्क संपला, पुढे तो राहिला तो चुलत्यांच्या पोरांच्या मर्जीने.

त्या वाक्याकडे शेवटी परत येऊ. पण तुम्हीही इंग्रजी वाचत असाल, कधी भाषांतर करत असाल, निदान नातवंडांना धडा समजावून देत असाल, तर अशी चूक तुमच्याही हातून झालेली असणार. ती का होते आणि टाळायची कशी, हे इथे सांगायचे आहे.

शाळेत आपण घोकले की नामाऐवजी येणारा शब्द तो सर्वनाम. व्याख्या सोपी आहे, म्हणून टिकली. पाणिनीने मात्र 'सर्व' या शब्दाने सुरू होणाऱ्या गणाला 'सर्वनाम' म्हटले, आणि त्या संज्ञेचा अर्थही पुढे 'सर्वांचे नाम' असा लावला गेला. इंग्रजी सर्वनामांना हा दुसरा अर्थ जास्त शोभतो. 'ही' कोणत्याही पुरुषाचे नाव होते, 'शी' कोणत्याही स्त्रीचे, आणि 'इट' हे टाचणीपासून साम्राज्यापर्यंत उरलेल्या सगळ्याचे. मराठीत वस्तूंनाही लिंग आहे: कागद तो, वही ती, पुस्तक ते. मराठी शिकणाऱ्या परक्याला याचा वैताग येतो, पण वाचणाऱ्याला यातून फुकट खुणा मिळतात. 'पुस्तकात वही होती, ती मी काढली' यात शंकेला जागा नाही. इंग्रजीत पुस्तक आणि वही दोन्ही 'इट'.

एक वाक्य घ्या: 'द कॉट वुड नॉट गो थ्रू द डोअर बिकॉज इट वॉज टू वाइड.' खाट दारातून जाईना, कारण 'इट' फार रुंद. आता शेवटचा शब्द बदला: 'टू नॅरो'. 'इट' फार अरुंद. पहिल्यात 'इट' म्हणजे खाट, दुसऱ्यात दार. वाक्याची घडण एकच, शब्दांचा क्रम एकच, सर्वनाम एकच. फरक कशावरून कळला? व्याकरणावरून नव्हे. रुंद वस्तू अरुंद फटीतून जात नाही हे आपल्याला घर बदलताना कळलेले असते, त्यावरून. मराठीत हीच दोन वाक्ये करा: 'ती फार रुंद होती', 'ते फार अरुंद होते'. दाराखाटेचे ज्ञान नसलेल्यालाही 'ती'वरून खाट कळेल. जे मराठीत प्रत्ययावर भागते, ते इंग्रजीत जगाच्या अनुभवावर भागवावे लागते.

अशा जोडवाक्यांना आता एक नावही आहे. टेरी विनोग्राड या अमेरिकन संशोधकाने 1972 साली परवाना नाकारणारे नगरसेवक आणि परवाना मागणारे निदर्शक यांच्याविषयी असे एक उदाहरण दिले होते. त्यातले एक क्रियापद बदलले की 'दे' या सर्वनामाचा रोख एका गटावरून दुसऱ्या गटावर जातो. टोरांटोच्या हेक्टर लेव्हेक यांनी सुमारे चाळीस वर्षांनी अशा वाक्यांची संगणकांसाठी परीक्षाच सुचवली. 2016 साली ती प्रत्यक्ष घेतली गेली तेव्हा सर्वांत हुशार यंत्राला 58 टक्के गुण मिळाले, म्हणजे डोळे मिटून उत्तरे ठोकली असती तर मिळाले असते त्याहून थोडेच जास्त. पुढच्या तीनचार वर्षांत यंत्रे नव्वदीच्या आसपास पोहोचली, ती गोष्ट वेगळी. जे यंत्राला इतके जड गेले ते तुम्हीआम्ही चहा पिता पिता करतो, आणि म्हणूनच आपण काही करतो आहोत याचे भान राहत नाही. भान नसले की माझ्यासारखी चूक होते.

इंग्रजीच्या शिकवण्यांत एक नियम सर्रास सांगितला जातो: सर्वनामाच्या सर्वांत जवळचे मागचे नाम पकडा. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पाठ करून आमच्या आधीची पिढी इंग्रजी शिकली. त्या पुस्तकाला मी दोष देत नाही, पण जवळच्या नामाचा हा नियम कुठून पसरला कोण जाणे, तो भरवशाचा नाही. वरच्या वाक्यात जवळचे नाम दार आहे, पण 'वाइड' असेल तर 'इट' म्हणजे खाट. उलट कर्ता धरा असे सांगणारेही आहेत. कर्त्याकडे ओढ असते हे खरे, पण ओढ म्हणजे नियम नव्हे. मी तसेच केले आणि फसलो.

मग पक्के असे काही आहे की नाही? थोडे आहे. 'गोपाल प्रेज्ड हिम' यात 'हिम' म्हणजे गोपाळ असूच शकत नाही. त्याने स्वतःची स्तुती केली असती तर 'हिमसेल्फ' आले असते. 'ही सेड दॅट गोपाल वॉज टायर्ड' यातही 'ही' आणि गोपाळ वेगळेच. या दोन्ही ठिकाणी संदर्भ काहीही असो, इंग्रज माणूस दुसरा अर्थ घेणार नाही. पण हे पाहा: 'व्हेन ही केम होम, गोपाल वॉज टायर्ड.' इथे 'ही' आधी आला, नाव नंतर, तरीही 'ही' म्हणजे गोपाळच असू शकतो आणि बहुधा तोच असतो. इंग्रजी चरित्रांत, बातम्यांत, मृत्युलेखांत ही लकब पानोपानी दिसते. आपला वाचक अडखळतो तो इथे. 'तो घरी आला तेव्हा गोपाळ थकलेला होता' असे शब्दशः केले की मराठी कान लगेच दोन माणसे उभी करतो: एक घरी आलेला, दुसरा थकलेला. आपण सहज बोलताना काय म्हणू? 'घरी आला तेव्हा गोपाळ थकलेला होता.' सर्वनाम गाळून टाकू. मराठीत ते गाळता येते, कारण क्रियापद पुरुष-लिंग-वचन सांगते. इंग्रजी क्रियापद मुके, म्हणून तिथे सर्वनाम ठेवावेच लागते. तेव्हा वाक्याच्या सुरुवातीलाच ओळख न देता 'ही' किंवा 'शी' दिसला, तर मागे शोधण्याआधी पुढे पाहा. नाव पुढच्या स्वल्पविरामानंतर उभे असण्याचा संभव मोठा.

'इट'ची तर आणखी एक खोड. कधी कधी त्याच्या मागे काहीच नसते. 'इट वॉज क्लिअर फ्रॉम द लेटर दॅट इट हॅड बीन रिटन बिफोर इट रेन्ड.' तीन 'इट'. पहिला 'दॅट'पासून पुढच्या सगळ्या वाक्याची जागा धरून बसलेला, बसमधल्या जागेवर टाकलेल्या रुमालासारखा. दुसरा म्हणजे पत्र. तिसरा कोणीही नाही. इंग्रजीत पाऊसही कर्त्याशिवाय पडू शकत नाही, म्हणून ठेवलेला. मराठीत काय होईल? 'पत्र पाऊस येण्यापूर्वी लिहिलेले होते, हे पत्रावरूनच उघड होत होते.' तीन 'इट'पैकी 'हे' एवढा एकच शिल्लक राहिला. भाषांतरात सर्वनामे मोजून भरायची नसतात. मी तपासलेल्या कितीतरी भाषांतरांत 'ते असे म्हटले जाते की' सारखी वाक्ये भेटतात. त्या 'ते'ला विचारावे, बाबा, तू कोण? तो सांगू शकणार नाही, कारण मुळातच तो कोणी नव्हता.

आता सगळ्यांत नाजूक जागा. 'द लॉयर टोल्ड द क्लायंट दॅट ही हॅड मेड अ मिस्टेक.' वकिलाने अशिलाला सांगितले की 'ही' चुकला. कोण चुकला? वकील, अशील, की ज्याच्याविषयी आधीपासून बोलणे चालले आहे तो तिसराच कोणी? इंग्रजी वाक्य तीनही अर्थांना आसरा देते. मराठीत आपण बोलणे जसेच्या तसे उचलतो. 'माझी चूक झाली, असे वकील अशिलाला म्हणाले.' 'तुमची चूक झाली, असे म्हणाले.' 'त्याची चूक झाली, असे म्हणाले.' तीन अर्थ, तीन शब्द. इंग्रजीला जे मोघम ठेवता येते ते ठरवल्याशिवाय मराठी लिहिणाऱ्याचा हात पुढे सरकत नाही.

यातूनच मला सापडलेली कसोटी सांगतो. इंग्रजी वाक्यातले सर्वनाम कळले की नाही अशी शंका आली, तर ते वाक्य मनातल्या मनात मराठीत बोलून पाहा. सर्वनामाशी जीभ अडली तर समजा की तुम्हाला ते कळलेले नाही, फक्त कळल्यासारखे वाटत होते. अडली नाही, तरी कोणता शब्द आपोआप आला आणि का आला, हे स्वतःला एकदा विचारा. माझी जीभ 'ते'वर अडली नव्हती. तिथेच मी फसलो.

या कसोटीतले सर्वांत धारदार हत्यार म्हणजे 'आपण' आणि 'आपला'. 'गोपाल टुक माधव टु हिज व्हिलेज.' गोपाळ माधवला 'आपल्या' गावी घेऊन गेला की 'त्याच्या' गावी? 'आपल्या' म्हटले की गाव गोपाळचे, 'त्याच्या' म्हटले की बहुधा माधवचे. आणि 'गोपाळला वाटले की आपण चुकलो' यातला 'आपण' उपवाक्यात बसूनही मुख्य वाक्यातल्या गोपाळचाच हात धरतो. इंग्रजीतल्या 'हिमसेल्फ'ला एवढे लांब पोहोचता येत नाही. बडोद्यात वाढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको, कारण गुजरातीतला 'पोते' हेच काम करतो. बेळगावकडच्या वाचकांना कानडीतला 'तानु' आठवेल. अर्थात 'आपण'लाही खोडी आहेत. तोच शब्द 'आपण सगळे' या अर्थी येतो आणि 'आपण बसावे' असा आदरार्थीही येतो, त्यामुळे संवादात तो जपून वापरावा लागतो.

माझी तक्रार निराळी आहे. अलीकडच्या छापील मराठीत 'त्याने त्याची बॅग उचलली आणि तो त्याच्या घरी गेला' अशी वाक्ये बिनदिक्कत येतात. बॅग कोणाची? घर कोणाचे? लिहिणाऱ्याच्या डोक्यात इंग्रजी 'हिज' आहे, म्हणून 'त्याचा' आला. 'आपली बॅग उचलली आणि घरी गेला' एवढ्याने काम झाले असते. हा शुद्धलेखनाचा सोवळेपणा नव्हे. इंग्रजीत नसलेला भेद आपल्या भाषेत आहे, आणि तो आपण इंग्रजीच्या नादाने टाकून देत आहोत. तो गेला की वरची कसोटीही गेली. मग 'हिज'चे 'त्याच्या' करताना जीभ कुठेच अडणार नाही, आणि गाव कोणाचे हे विचारायचे कोणाला सुचणार नाही.

सर्वनामाच्या अर्थावरून माणसांची आयुष्ये अडलेली आहेत. सामान्य परिभाषा अधिनियम, 1897 मध्ये असे आहे की विषय किंवा संदर्भ विरुद्ध नसेल तर कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश धरावा. म्हणजे वकिलांच्या कायद्यात 'ही' असला तरी तो 'शी'लाही लागू व्हायला हरकत नव्हती. तरी 1916 साली कायद्याच्या पदवीधर रेजिना गुहा यांनी वकिलीसाठी केलेला अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने फेटाळला. न्यायालयाच्या मते इथे स्त्रियांचा समावेश अभिप्रेत नव्हता. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली 1892 साली, पण त्यांना वकील म्हणून उभे राहायला जवळजवळ तीस वर्षे लागली. शेवटी 1923 साली स्त्रियांना वकिली करता येईल असे सांगणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. जे एका शब्दात आधीच आहे असे म्हणता आले असते, ते सांगायला अख्खा अधिनियम लागला.

आजचे इंग्रजी या ठिकाणी पुष्कळदा 'दे' वापरते, एका माणसालाही. 'समबडी हॅज लेफ्ट देअर अंब्रेला.' आपल्या विद्यार्थ्याला वाटते की छत्री अनेकांची आहे. हा वापर नव्या फॅशनचा नाही, चौदाव्या शतकापासून इंग्रजीत आहे. मराठीत त्याला तोड तयारच आहे: 'कुणीतरी आपली छत्री विसरले आहे.' 'कुणीतरी' नपुंसकलिंगी चालवले, 'आपली' घातले, आणि पुरुष की स्त्री हा प्रश्नच उरला नाही.

कागदपत्रे लिहिणाऱ्यांना सर्वनामांचा धोका फार पूर्वीपासून ठाऊक होता. आपल्या जुन्या मोडी कागदांत 'मौजे मजकूर', 'सदरहू', 'मशारनिल्हे' हे शब्द ओळीओळीला येतात. आपण त्यांना कारकुनी म्हणून हसतो. पण 'मशारनिल्हे' म्हणजे वर ज्याचा उल्लेख झाला तो माणूस, दुसरा कोणी नव्हे. 'तो' लिहून मोकळे होणे सोपे होते, तरी त्या कारकुनाने तसे केले नाही. इंग्रज वकिलांचे 'द सेड' हेच करते. चांगला मसुदा लिहिणारा वकील तर सरळ नावच पुन्हा लिहितो. कंटाळवाणे वाचायला लागते, पण नातवंडे भांडत नाहीत.

बाईंच्या पणजोबांच्या वकिलाने ते केले नव्हते. मी भाषांतर देऊन आठवडा झाला असेल, बाई परत आल्या. रागावलेल्या नव्हत्या, हिरमुसल्या होत्या. 'म्हणजे ते म्हणत होते तेच खरे,' एवढेच म्हणाल्या. मला काहीतरी खटकले. इच्छापत्र पुन्हा मागून घेतले आणि यावेळी ते वाक्य सोडून बाकीची पाने वाचली. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मध्येही हेच सांगितले आहे की इच्छापत्रातल्या कलमाचा अर्थ सबंध लेखावरून लावावा. मी एका वाक्यावरून लावला होता. तिसऱ्या पानावर घरपट्टीचे कलम होते. घरपट्टी थोरल्या भावाने भरावी, त्याच्या मागे मुलाने भरावी, 'सो लाँग अॅज ही लिव्ह्ज देअर.' भावाच्या मागे भरायची, म्हणजे इथला 'ही' भाऊ असणे शक्य नाही. भाऊ गेल्यानंतरही मुलगा त्याच घरात राहत असेल असे पणजोबा धरूनच चालले होते. मग भाऊ जाताच मुलाचा राहण्याचा हक्क संपतो असे ते दोन पाने आधी कसे लिहितील? पहिल्या कलमातला 'ही' मुलगाच होता.

मी भाषांतराची नवी प्रत केली. 'ते' खोडून तिथे 'तो' लिहिला नाही. लिहिले, 'माझा मुलगा हयात असेपर्यंत.' खाली एक ओळ जोडली की मूळ इंग्रजीत इथे केवळ सर्वनाम आहे आणि हा अर्थ घरपट्टीच्या कलमावरून घेतला आहे. बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग विचारले, 'ही ओळ काढता नाही येणार का? ते लोक तीच धरून बसतील.' मी ती काढली नाही. बाईंनी प्रत घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि पहिली प्रत मला फाडायला दिली.